‘ॲट फिलमोर ईस्ट’ कशी ऐकावी

मैफलीत मुरलेल्या श्रोत्याला अर्धा तास चाललेला ख्याल लांब वाटत नाही, परंतु त्याच श्रोत्यासमोर रॉक संगीताची २२ मिनिटांची एखादी चीज आली की तो पाचव्या मिनिटाला अस्वस्थ होतो. गाणारा थांबला, कडवी संपली, मग आता हे एवढा वेळ काय वाजवत आहेत, असा प्रश्न त्याला पडतो. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या ध्वनिमुद्रिकेइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रंगमंचावर ध्वनिमुद्रित झालेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेली ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड आहे. तिच्यात सात रचना आहेत आणि एकूण वेळ सुमारे ७६ मिनिटांचा आहे. ती प्रथमच ऐकणाऱ्यासाठी, किंवा पूर्वी कधी तरी ऐकून बाजूला ठेवलेल्या आणि आता तिच्याकडे परतणाऱ्या श्रोत्यासाठी, पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

या लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ज्या संगीतात वादक एकमेकांचे ऐकत, आयत्या वेळी रचना वाढवत नेतात, त्याला रॉकच्या परिभाषेत ‘जॅम’ म्हणतात. नवखा श्रोता अशा वेळी फक्त पुढे वाजणाऱ्या गिटारकडे लक्ष देतो आणि थकतो. या रेकॉर्डमधील खरे नाट्य मात्र त्या गिटारच्या खाली, इतर पाच जण जी साथ करत असतात तिच्यात आहे. साथ ऐकू येऊ लागली की २२ मिनिटे लांब वाटत नाहीत.

पहिली पायरी: नेमकी आवृत्ती निवडणे

या मैफलींच्या अनेक आवृत्त्या आज उपलब्ध आहेत आणि सुरुवातीला चुकीची निवडल्यास गोंधळ होतो. १९७१ च्या मूळ रेकॉर्डवर सात रचना आहेत. १९९२ मध्ये ‘द फिलमोर कॉन्सर्ट्स’ या नावाने वाढीव संच आला, २००३ मध्ये आणखी एक विस्तारित आवृत्ती निघाली, आणि २०१४ मध्ये १२ व १३ मार्चचे चारही कार्यक्रम, तसेच २७ जूनचा कार्यक्रम, असा सहा तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. आरंभ सात रचनांच्या मूळ आवृत्तीपासूनच करावा. तिचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्या बाजूला तीन तुलनेने छोट्या रचना आहेत, दुसऱ्या बाजूवर १९ मिनिटांची एकच रचना आहे, तिसऱ्या बाजूला दोन वाद्यरचना आहेत आणि चौथी बाजू पुन्हा एकट्या रचनेने व्यापलेली आहे. मोबाइलवर ऐकत असल्यास गाण्यांचा क्रम आपोआप बदलणारी सोय बंद करावी, दोन गाण्यांच्या मध्ये शांतता येणार नाही अशी व्यवस्था असल्यास ती चालू करावी, आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ही रेकॉर्ड मुळीच ऐकू नये, कारण तेथे बेस गिटार जवळजवळ नाहीशी होते. साधे हेडफोनही पुरतात, मात्र डावा-उजवा कान उलटसुलट नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

एका बैठकीत सगळी रेकॉर्ड ऐकण्याचा आग्रह धरू नये. मूळ श्रोता प्रत्येक वीस-बावीस मिनिटांनी उठून तबकडी उलटत असे. तो विसावा या संगीताच्या मापातच धरलेला आहे, तेव्हा आपणही एका वेळी एक बाजू ऐकावी.

दुसरी पायरी: सहा जणांची ओळख

बँडची स्थापना मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाली आणि लवकरच या मंडळींनी जॉर्जिया राज्यातील मेकन या गावी बिऱ्हाड हलवले. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघे गिटारवादक होते. ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गात असे आणि हॅमंड ऑर्गन वाजवत असे. बेस गिटार बेरी ओकलीकडे होती. ड्रम्सवर एक नव्हे तर दोन जण होते, बुच ट्रक्स आणि जयमो या नावाने ओळखले जाणारे जय जोहॅनी जोहॅन्सन. जयमो आधी ओटिस रेडिंग यांच्यासारख्या सोल गायकांना साथ करत आले होते आणि त्यांचा ओढा जॅझकडे होता. अमेरिकेच्या दक्षिणेत, कायद्याने वर्णभेद संपून जेमतेम काही वर्षे झालेली असताना, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांनी एकाच बँडमध्ये एकत्र राहून संगीत करणे ही तेव्हा सहज गोष्ट नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्या पहिल्या दोन स्टुडिओ रेकॉर्ड फारशा खपल्या नव्हत्या. वर्षातले बहुतेक दिवस ते गाडीतून गावोगाव फिरत आणि वाजवत असत, आणि आपले खरे संगीत स्टुडिओत नव्हे तर लोकांसमोर होते याची त्यांना जाणीव होती. त्यामुळे तिसरी रेकॉर्ड प्रत्यक्ष मैफलीतच करायचे ठरले. त्यासाठी निवडलेले फिलमोर ईस्ट हे रॉक कार्यक्रमांचे आयोजक बिल ग्रॅहम यांचे मॅनहॅटनमधील सेकंड ॲव्हेन्यूवरचे, सुमारे २,६०० आसनांचे नाट्यगृह होते. मार्च १९६८ मध्ये सुरू झालेले हे गृह २७ जून १९७१ रोजी बंद झाले, म्हणजे ही रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा ज्या जागेचे नाव तिच्यावर आहे ती जागा संगीतासाठी उरलेली नव्हती. त्या मार्चमधील जाहिरातींत सर्वांत वर नाव होते ते गिटारवादक जॉनी विंटर यांचे, ऑलमन बंधूंचे नव्हे.

ध्वनिमुद्रणाची जबाबदारी टॉम डाऊड यांच्याकडे होती. रोज रात्री दोन कार्यक्रम होत, ते संपल्यावर डाऊड आणि वादक मिळून स्टुडिओत त्या रात्रीच्या टेप ऐकत आणि दुसऱ्या दिवशी काय पुन्हा वाजवायचे ते ठरवत. सुरुवातीला मंचावर सॅक्सोफोनही आणला गेला होता. तो डाऊड यांना मुळीच रुचला नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून तो बाजूला झाला. मूळ रेकॉर्डवर तो कोठेही ऐकू येत नाही. हा निर्णय किती योग्य होता ते २०१४ च्या संचात, जेथे सॅक्सोफोन आहे, तेथे पडताळून पाहता येते, आणि माझ्या मते डाऊड यांचे कान बरोबर होते, कारण या संगीतात दोन गिटार जी जागा एकमेकींसाठी मोकळी सोडतात, तीच जागा सॅक्सोफोन भरून टाकतो.

तिसरी पायरी: कोणत्या कानात कोण आहे

हेडफोन लावून पहिली रचना ‘स्टेट्सबरो ब्लूज’ सुरू करावी. बँडच्या नावाची साधीशी घोषणा होते आणि लगेच एक गिटार घसरत, ओरडल्यासारखी वर जाते. ही काचेची नळी बोटात घालून वाजवलेली, ज्याला स्लाइड म्हणतात त्या पद्धतीची गिटार आहे. तारेवर बोट दाबण्याऐवजी काच तारेवरून सरकवल्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड मींड घेता येते. विचित्र वीणा ऐकलेल्या, किंवा हवाईयन गिटारवर वाजवलेली जुनी चित्रपटगीते ज्यांच्या कानात आहेत, अशा मराठी श्रोत्याला हा नाद लगेच ओळखीचा वाटेल. ड्वेन ऑलमन यासाठी कोरिसिडिन या सर्दीच्या औषधाची रिकामी काचेची बाटली अनामिकेत घालत असे. ग्रेगने पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, ड्वेन आजारी असताना त्याच्या वाढदिवशी ग्रेगने ती औषधाची बाटली आणि ताज महाल या ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेला गानप्रकार) गायकाची एक रेकॉर्ड त्याला दिली, आणि त्या रेकॉर्डवरील ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ऐकूनच ड्वेनने स्लाइड वाजवायला घेतली. मूळ गाणे ब्लाइंड विली मॅकटेल यांचे, १९२८ मधले.

आता ही घसरती गिटार कोणत्या बाजूने अधिक येते हे टिपून घ्यावे. ती बाजू ड्वेनची. दुसऱ्या बाजूला जी गिटार आहे ती डिकी बेट्सची. दोघांच्या जागा रेकॉर्डवर बऱ्याच वेगळ्या ठेवलेल्या असल्यामुळे एवढी एक खूण पुढील सर्व रचनांत उपयोगी पडते, अगदी ड्वेनने बाटली काढून साध्या बोटांनी वाजवायला घेतल्यावरही. मी स्वतः ही रेकॉर्ड बरीच वर्षे एकच एक गिटार समजून ऐकत होतो. ज्या दिवशी दोन माणसे वेगळी झाली त्या दिवशी रेकॉर्ड पुन्हा नव्याने हाती आल्यासारखी वाटली.

चौथी पायरी: ब्लूजचे आवर्तन मोजणे

पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना जुन्या ब्लूज आहेत. ‘डन समबडी राँग’ एलमोर जेम्स यांच्या नावाशी जोडलेली आहे आणि ‘स्टॉर्मी मंडे’ ही टी-बोन वॉकर यांची १९४७ ची रचना आहे. ब्लूजचा साचा एकदा हाताला बसला की जॅममध्ये हरवायला होत नाही, म्हणून येथे थोडे श्रम घ्यावेत.

चार मात्रांचा एक खंड धरावा. अशा बारा खंडांचे एक आवर्तन होते. पहिले चार खंड साथीचा मूळ आधार षड्जावर असतो, पुढचे दोन खंड तो मध्यमावर जातो, पुन्हा दोन खंड षड्जावर येतो, मग एक खंड पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जावर. गायक साधारणपणे एक ओळ म्हणतो, तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीने विषय पुरा करतो. ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये बेसकडे लक्ष ठेवून, टेबलावर बोटाने खंड मोजत, आधार कोठे हलतो ते दोन-तीनदा पकडावे. हे जमले की ड्वेनची गिटार कितीही उसळली तरी आपण आवर्तनात नेमके कोठे आहोत हे कळत राहते. तबल्याच्या ठेक्यावर समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हे काम अवघड नाही. फरक एवढाच की येथे कालचक्राबरोबर आधारस्वरही फिरतो, तंबोऱ्यासारखा एका जागी राहत नाही.

‘डन समबडी राँग’मध्ये जो माउथ ऑर्गन ऐकू येतो तो थॉम डूसेट या पाहुण्या वादकाचा आहे. ‘स्टॉर्मी मंडे’ ही संथ आहे आणि घाई करणाऱ्याला तिच्यात काही सापडत नाही. तिच्या मधल्या भागात, ऑर्गनची पाळी येते तेव्हा, ठेका एकाएकी हलका होऊन तीन-तीनच्या झुल्यावर जातो आणि ऑर्गन संपताच पुन्हा मूळ संथ चालीवर येऊन बसतो. दोन ड्रमवादक, बेस आणि ऑर्गन यांनी कोणताही गाजावाजा न करता केलेले हे स्थित्यंतर म्हणजे साथ ऐकण्याचा पहिला धडा आहे. मूळ रेकॉर्डवर या रचनेतील माउथ ऑर्गनचा तुकडा कापून टाकलेला होता. १९९२ च्या आवृत्तीत तो परत आला.

पाचवी पायरी: ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’

दुसरी बाजू सध्या बाजूला ठेवून थेट तिसरीकडे जावे, असे मी सुचवतो. तेथे आधी पाच मिनिटांची ‘हॉट ’लँटा’ आहे, जिच्या शेवटी बुच ट्रक्स टिंपनी हे मोठे नगाऱ्यासारखे वाद्य घुमवतो. तिच्यानंतर जवळजवळ तेरा मिनिटांची ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ येते. सबंध रेकॉर्डमधील ही सर्वांत सुघड रचना आहे असे माझे मत आहे, आणि जॅम म्हणजे काय हे एका रचनेवरून सांगायचे झाल्यास मी हीच पुढे करीन.

रचना डिकी बेट्सची आहे आणि तिला शब्द नाहीत. नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतील एका थडग्यावरून घेतलेले आहे. बँडची मंडळी तेथे रात्री-बेरात्री जाऊन बसत. बेट्सने ज्या स्त्रीला मनात ठेवून ही रचना केली तिचे नाव उघड करणे शक्य नव्हते, म्हणून समोरच्या शिळेवरचे नाव दिले गेले. ड्वेन आणि बेरी ओकली दोघेही पुढे त्याच दफनभूमीत विसावले. हे ठाऊक असल्यावर आरंभीचे स्वर वेगळेच ऐकू येतात.

त्या आरंभाकडे बारकाईने लक्ष द्यावे. बेट्स तार छेडतो तेव्हा गिटारच्या आवाजाचे बटण बंद असते, आणि छेडल्यानंतर तो करंगळीने ते हळूहळू उघडतो. त्यामुळे तारेवरचा आघात ऐकूच येत नाही आणि स्वर व्हायोलिनच्या गजातून यावा तसा उमलत येतो. मग दोन्ही गिटार एकत्र येऊन मुख्य धून वाजवतात, कधी एकच स्वर, कधी थोड्या अंतराने समांतर चालणारे दोन स्वर. धून पुरी झाल्यावर लय पकड घेते आणि वादकांच्या पाळ्या सुरू होतात. आधी बेट्स, नंतर ग्रेगचा ऑर्गन, त्यानंतर ड्वेन, मग ड्रम्सचा छोटा भाग, आणि शेवटी पुन्हा धून.

ब्लूजच्या बारा खंडांची चौकट येथे नाही. साथीचा आधार बहुतांश एका जागी स्थिर राहतो आणि वादक एका स्वरसमूहात फिरत राहतात. तो समूह म्हणजे गंधार व निषाद कोमल आणि बाकीचे शुद्ध, म्हणजेच आपल्या काफी थाटाचे स्वर. यावरून ही मंडळी रागसंगीत वाजवत होती असा अर्थ मात्र काढू नये. त्यांच्यापर्यंत हा विचार माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझ रेकॉर्डमधून पोचला होता, ज्या जयमोने बँडमधील सर्वांना ऐकायला लावल्या होत्या आणि ज्या ड्वेन सतत ऐकत असे. तरीही एका स्वरसमूहात राहून तो हळूहळू उलगडणे ही गोष्ट आपल्या कानाला परकी नाही, आणि म्हणूनच मराठी श्रोत्याने रेकॉर्डमध्ये शिरताना या दाराने शिरणे मला सोयीचे वाटते.

ड्वेनची पाळी येईल तेव्हा एकदा तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करून ऐकावे. तो एकदा चढत जाऊन टोक गाठतो, तेथून मुद्दाम खाली उतरतो आणि पुन्हा पहिल्याहून उंच चढू लागतो. तो उतरत असताना ड्रम्सवरील झांजा कशा पातळ होतात, ओकलीची बेस खालच्या स्वरांवर कशी थांबते, ऑर्गन कसा एक लांब स्वर धरून मागे सरतो, आणि बेट्सची गिटार दुसऱ्या कानात केवढ्या थोड्या स्वरांत लय सांभाळते, ते पाहावे. चढण पुन्हा सुरू होते ती कोणी खूण करून नव्हे. पाच जणांनी सहाव्याचा श्वास ऐकला आहे म्हणून ती होते. टाळी नेमकी कधी पडते हेही लक्षात घ्यावे, कारण त्या रात्रीचे श्रोतेही हेच ऐकत होते.

सहावी पायरी: एकोणीस मिनिटांचे अरण्य

आता दुसऱ्या बाजूकडे वळावे. ‘यू डोन्ट लव्ह मी’ हे विली कॉब्ज यांचे साधे गाणे आहे आणि त्याचा गायलेला भाग लवकर आटोपतो. या रचनेबद्दल माझे मत थोडे राखून आहे, कारण काही जागी वादक पुढची वाट शोधत असल्याचे जाणवते आणि नवख्याने ती प्रथम ऐकल्यास तो रेकॉर्ड सोडून देण्याचा संभव असतो. परंतु तिच्यात एक जागा अशी आहे जिच्यासाठी ती ऐकावीच लागते. एका टप्प्यावर सगळी साथ थांबते आणि ड्वेन नाट्यगृहात एकटा वाजवत राहतो. आतापर्यंत साथीकडे लक्ष देण्याचा सराव झालेला असल्यास साथ नसणे म्हणजे काय हे येथे अंगावर येते. स्वरांच्या मधली शांतता, प्रेक्षागृहाची कुजबुज, कोणी तरी रात्रभर वाजवत राहा म्हणून दिलेली हाक, सगळे ऐकू येते. शेवटाकडे ड्वेन नाताळच्या एका परिचित भजनाची धून सहज वाजवून जातो, आणि गोव्यातील किंवा वसईतील ज्या वाचकांनी ते चर्चमध्ये गायले असेल त्यांना ती चटकन ओळखू येईल.

सातवी पायरी: अकरा मात्रा मोजणे

चौथी बाजू सुरू होण्याआधी मंचावरून सांगितले जाते की आता आमच्या पहिल्या रेकॉर्डमधले एक गाणे वाजवतो, आणि प्रेक्षकांतून गाण्याचे नाव आधीच ओरडले जाते. ते ‘व्हिपिंग पोस्ट’ असते. त्यानंतर बेरी ओकली एकटा, जाड आणि किंचित खरखरीत बेसवर सुरुवात करतो, आणि येथे मोजणी सुरू करावी: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. एकूण अकरा. रुद्रतालाचे अकरा मात्रांचे आवर्तन ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्याचे खंड येथे लावण्याचा प्रयत्न करू नये, कारण विभागणी वेगळी आहे. येथे तीनचे तीन गट आणि शेवटी एक दोनचा गट आहे, आणि तो दोनचा तोकडा गटच सगळ्या रचनेला पुढे ढकलतो. चौथ्या गटात तिसरी मात्रा यावी अशी कानाची अपेक्षा असते. ती येत नाही आणि पुढचे आवर्तन अंगावर कोसळते.

ही रचना ग्रेगने बाविशीही गाठली नसताना केली होती. रात्री सुचलेले शब्द लिहायला कागद हाताशी नव्हता, म्हणून जळलेल्या काड्यांच्या कोळशाने त्याने ते इस्त्रीच्या फळीवरील कापडावर लिहिले, असे तो सांगत असे. अकरा मात्रांचा हा प्रकार आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हते. ते ड्वेनने त्याला सांगितले. गायन सुरू झाले की मोजणी बदलते, दोनचा गटही तीनचा होतो, म्हणजे तीन-तीनचे चार गट होऊन बारा मात्रांची मोकळी चाल मिळते. गायनाच्या मध्ये अकराचे आवर्तन परत येते तेव्हा हा बदल टिपावा. दोन-तीन प्रयत्नांत तो निश्चित जमतो.

आधी ड्वेन वाजवतो, पुन्हा गायन होते, मग बेट्सची लांब पाळी येते आणि साधारण मध्यावर अशी जागा येते की लयच विरघळते. एवढा वेळ चाललेला ठेका थांबतो, गिटार एखाद-दुसऱ्या वाक्यात बोलतात, झांजा हलकेच वाजत राहतात आणि कोणालाच परतण्याची घाई नसते. बरेच जण येथे कंटाळून रचना पुढे सरकवतात. तसे करू नये. उलट हाच भाग पुन्हा ऐकावा आणि पुढचे वळण कोण सुचवतो ते शोधावे. बऱ्याच वेळा ते बेट्सच्या गिटारमध्ये नसून ओकलीच्या दोन-तीन स्वरांत सापडते. ओकली केवळ आधार देणारा बेसवादक नव्हता. तो गिटारच्या वाक्याला उलट उत्तर देतो, कधी तिच्या पुढे जाऊन थांबतो, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवून ऐकलेली ‘व्हिपिंग पोस्ट’ ही आधी ऐकलेल्या रचनेहून निराळीच रचना असते.

आठवी पायरी: एका वेळी एक वादक

येथपर्यंत आल्यावर रेकॉर्ड काही दिवस बाजूला ठेवावी आणि मग पुन्हा ऐकण्याचे काम सुरू करावे. त्याची रीत साधी आहे. ‘एलिझाबेथ रीड’ आणि ‘व्हिपिंग पोस्ट’ या दोनच रचना घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी एकाच वादकाला धरून शेवटपर्यंत ऐकावे. आरंभ ओकलीपासून करावा, कारण बेस इतरांपासून वेगळी काढायला सोपी आहे. नंतर ग्रेगचा ऑर्गन घ्यावा. हॅमंडचा आवाज लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून येत असल्यामुळे तो थरथरतो, आणि त्या थरथरीचा वेग कधी वाढतो व कधी मंदावतो यावरून पुढे काय येणार त्याचा अंदाज लागतो. दोन ड्रमवादकांना वेगळे करणे सर्वांत अवघड आहे. सरळ, गाडीच्या चाकांसारखा न थांबणारा ठेका साधारणपणे ट्रक्सचा, आणि त्याच्या फटींत येणारे, लयीला आडवे जाणारे, हलके आघात जयमोचे, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी आणि पहिल्या प्रयत्नात न जमल्यास नाउमेद होऊ नये. मला ते ओळखू येऊ लागायला बराच काळ लागला, आणि अजूनही काही जागी माझी खात्री नसते.

दोन्ही गिटार शेवटी घ्याव्यात, आणि त्याही उलट्या क्रमाने: ड्वेन वाजवत असताना बेट्सला ऐकावे आणि बेट्स वाजवत असताना ड्वेनला. ड्वेनची ख्याती त्याच्या पुढे येऊन वाजवण्यामुळे झाली, पण तो दुसऱ्याच्या मागे किती नेमके आणि थोडके वाजवत असे, हे या पद्धतीनेच कळते.

नववी पायरी: शेजारच्या रेकॉर्ड

तुलनेसाठी प्रथम ‘व्हिपिंग पोस्ट’ची १९६९ ची स्टुडिओ आवृत्ती ऐकावी. ती पाच मिनिटांच्या आसपास संपते, आणि फिलमोरमधील उरलेली सतरा मिनिटे कोठून आली हे पाहणे उद्बोधक असते. ‘एलिझाबेथ रीड’ची पहिली आवृत्ती १९७० च्या ‘आयडलवाइल्ड साऊथ’वर आहे. त्यानंतर २०१४ च्या संचातून तीच रचना दुसऱ्या कार्यक्रमातली घ्यावी. सांगाडा तोच असतो, चढण्याच्या आणि उतरण्याच्या जागा मात्र बदललेल्या असतात, आणि मूळ रेकॉर्डवरील कोणती वळणे आधीपासून ठरलेली होती व कोणती त्या क्षणी घडली हे त्यातून समजते. हा संच आधी ऐकण्याची चूक करू नये. मूळ रेकॉर्ड पाठ झाल्याशिवाय त्यातील फरक जाणवत नाहीत.

मुखपृष्ठावर विटांच्या भिंतीपुढे वाद्यांच्या पेट्या रचून बसलेले सहाही जण हसताना दिसतात. ते छायाचित्र जिम मार्शल यांनी न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर मेकनमध्ये काढले. ऑक्टोबर १९७१ मध्ये ही रेकॉर्ड अमेरिकेत मोठ्या विक्रीबद्दल ‘गोल्ड’ ठरली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ड्वेन ऑलमन मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात मरण पावला. तो २४ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, तेथून जवळच, तशाच अपघातात बेरी ओकली गेला. त्याचेही वय २४ होते. सहा जणांची ती साथ त्यानंतर पुन्हा जमली नाही. बँड पुढे अनेक वर्षे चालला, पण तो निराळा बँड होता. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या रेकॉर्डचा समावेश केला.

एक काम शेवटी राखून ठेवावे. ‘व्हिपिंग पोस्ट’ संपते तेव्हा टाळ्यांच्या खाली टिंपनी घुमत राहते आणि त्यातूनच एका नव्या धुनेची चाहूल लागते, पण रेकॉर्ड तेथेच विरत जाते. ती धून ‘माउंटन जॅम’ची आहे, आणि त्या रात्री बँड न थांबता तिच्यात शिरला होता. तेहेतीस मिनिटांहून अधिक चाललेला तो पुढचा भाग फेब्रुवारी १९७२ मध्ये, ड्वेनच्या मृत्यूनंतर, ‘ईट अ पीच’ या रेकॉर्डवर दोन बाजूंत विभागून प्रसिद्ध झाला. दोन्ही रेकॉर्ड हाताशी ठेवाव्यात, ‘व्हिपिंग पोस्ट’ पूर्ण ऐकावी आणि टिंपनी मंदावत असतानाच ‘माउंटन जॅम’ लावावी. तिच्या पहिल्या क्षणी जो घुमारा ऐकू येतो, तो आधीच्या रेकॉर्डवर अर्धवट राहिलेलाच घुमारा आहे.